जरा हवा येऊ द्या!

मेट्रो, मॉलचं बेसमेंट, सांगलीजवळची हळदीची पेवं आणि आपल्याच सोसायटीची पाण्याची टाकी... जमिनीखालच्या चार जागा आणि तिथल्या श्वासाची गोष्ट.

एक सोप्पा हिशेब करा. सकाळी घरून निघाल्यापासून रात्री परत येईपर्यंत तुम्ही किती वेळा जमिनीखाली जाता? बाइक काढायला बिल्डिंगचं बेसमेंट, मग मेट्रो, मध्येच रस्ता ओलांडायला सबवे, ऑफिसचं पी-टू नाहीतर पी-थ्री पार्किंग, संध्याकाळी मॉल. मी एका साध्यासुध्या मंगळवारी मोजलं, तर आकडा सहावर गेला. आपल्या आजोबांची पिढी विहिरीत पोहायला उतरली तरच जमिनीखाली जायची. आपण मात्र कानात इअरफोन, हातात कॉफीचा कप घेऊन बिनधास्त उतरतो. आणि एक साधा प्रश्न डोक्यात येत नाही. इथे खिडकी नाही, दार नाही, मग ही हवा आली कुठून?

वर हवा आपोआप असते. खाली ती कुणीतरी आणून द्यावी लागते. त्यासाठी पंखे लागतात, वीज लागते, देखभाल करणारी माणसं लागतात आणि या सगळ्याचं बिल भरणारं कुणीतरी लागतं. हा फंडा एकदा लक्षात आला आणि मी पुढचा महिनाभर खाली जाताना हवेकडे बघायला लागले. म्हणजे, हवा दिसत नाही हे मान्य! पण ती कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, ते मात्र अगदी स्पष्ट दिसतं.

तिकीट ७० रुपये, हवा फ्री

सुरुवात अर्थातच मुंबईच्या मेट्रो-३ पासून. आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं. त्यातलं आरे जेव्हीएलआर तेवढं जमिनीवर, बाकी २६ पोटात. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये बीकेसीपर्यंत सुरू झाला, मे २०२५ मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडला पोचली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं तिकीट ७० रुपये आणि वेळ साधारण तासभर. बीकेसी आणि धारावीच्या मध्ये तर आपल्या डोक्यावरून मिठी नदी वाहत असते. गाडीत कुणाला त्याचं काही नसतं. अर्धा डबा रील्स बघत असतो आणि अर्धा झोपलेला.

फलाटावर सगळ्यात आधी नजरेत भरतात ती काचेची दारं, जमिनीपासून छतापर्यंत. ती कुणी रुळांवर पडू नये म्हणून असतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्यांचं अजून एक काम आहे. ती भुयारातली हवा आणि स्टेशनातली हवा वेगवेगळी ठेवतात. भुयारात धावणारी गाडी सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी वागते. पुढची हवा ढकलते, मागची ओढते. कोलकात्यात १९८४ साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या मेट्रोच्या फलाटावर गाडी दिसायच्या आधी तोंडावर गरम वाऱ्याचा झोत येतो, तो याच दट्ट्याचा. त्या झोताबरोबर ब्रेकची उष्णता येते आणि चाकं-रूळ एकमेकांवर घासून उडालेली लोखंडाची बारीक धूळसुद्धा. लंडन ट्यूबच्या काही खोल, जुन्या फलाटांवर या बारीक धुळीचं प्रमाण वरच्या रस्त्यापेक्षा कितीतरी पट जास्त मोजलं गेलंय. काचेच्या दारांमुळे ही धूळ बऱ्यापैकी पलीकडेच राहते.

मग स्टेशनात हवा येते कुठून? पुढच्या वेळी स्टेशनबाहेर पडलात की जरा आजूबाजूला बघा. रस्त्याच्या कडेला जाळ्या लावलेली ठोकळ्यासारखी बांधकामं दिसतील. स्टेशनाची नाकं ती हीच. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, थंड करून फलाटावर सोडली जाते आणि वापरलेली हवा बाहेर फेकली जाते. मात्र या नाकांत येते ती मुंबईचीच हवा. पीएम २.५ म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी आपल्याकडची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची १५. हिवाळ्यात वर धुरकं असेल तर खाली महाबळेश्वर कुठून येणार?

खरी परीक्षा असते ती धुराची. १५ नोव्हेंबर २०२४ ला बीकेसी स्टेशनच्या एका प्रवेशमार्गाबाहेर, खालच्या बाजूला ठेवलेल्या लाकडी सामानाला आग लागली. धूर स्टेशनात शिरला, प्रवाशांना बाहेर काढलं आणि गाड्या काही काळ बंद ठेवल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. सगळीकडे असं नशीब नसतं. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात १९८७ साली लाकडी सरकत्या जिन्याला लागलेल्या आगीत ३१ जण गेले. दक्षिण कोरियात देगूच्या मेट्रोत २००३ साली एकाने डब्यात आग लावली आणि १९२ माणसं मेली. भुयारात आग जिथे असते तिथेच बऱ्याचदा थांबते. धूर मात्र माणसापेक्षा जोरात पळतो.

म्हणून आधुनिक मेट्रोत भुयारासाठी वेगळे, अजस्र पंखे असतात, दोन्ही दिशांना फिरू शकणारे. आग लागली की कंट्रोल रूम ठरवते की धूर कुठल्या बाजूला ढकलायचा, आणि प्रवाशांना उलट्या बाजूने, ताज्या हवेच्या दिशेने चालवत नेतात. गाडी नुसतीच भुयारात अडकली तरी याच पंख्यांनी आत हवा पोचवतात. आपलं काम सोपं आहे. अनाउन्समेंट होते तेव्हा एक इअरफोन काढायचा, लिफ्टच्या नादी लागायचं नाही, धूर दिसला तर वाकून चालायचं आणि स्वतःच्या डोक्याने भुयारात शिरायचं नाही. हवा कुठल्या बाजूने येतेय हे कंट्रोल रूमला ठाऊक असतं, आपल्याला नाही.

पी-थ्रीमधले बारा तास

मेट्रोमध्ये हवेची काळजी घेणारं एक आख्खं खातं असतं. बेसमेंट पार्किंगमध्ये? तिथे बऱ्याचदा नशीब असतं.

दुसरा स्टॉप होता उपनगरातला एक मॉल. शनिवार संध्याकाळ, तिसरं बेसमेंट, बाहेर पडायला गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीचं इंजिन चालू. इथला व्हिलन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्तात ऑक्सिजनला जागाच उरत नाही. सुरुवात साधी असते. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. आपण म्हणतो, 'शॉपिंग फार झालं!' पेट्रोलचा जो वास येतो तो वेगळ्याच वायूंचा. वास नाही म्हणजे हवा छान, असा हिशेब जमिनीखाली कधीच करू नका.

देशाच्या २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार अशा बेसमेंटमधली सगळी हवा एरवी तासाला सहा वेळा आणि आग लागली तर बारा वेळा बदलली गेली पाहिजे. छताला लटकलेले तोफेसारखे दिसणारे जेट फॅन त्यासाठीच असतात. मी गेले तेव्हा त्यातले बहुतेक शांत होते. रांगेला शिटी मारणाऱ्या पार्किंगवाल्या दादांना विचारलं, "पंखे कधी लावतात?"

"गर्दी झाली की लावतात," ते म्हणाले.

"आता गर्दी नाही का?"

ते हसले. "आमची ड्यूटी बारा तासांची, ताई. सवय होते."

आपण त्या हवेत जास्तीत जास्त दहा मिनिटं असतो. तेवढ्यातही एक पथ्य पाळण्यासारखं आहे. बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून, एसी लावून गाडीत बसून राहायचं नाही, मग मैत्रीण कितीही उशीर करो. पण दादांच्या बारा तासांचं काय? तिथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की जमिनीखाली सगळ्यात जास्त वेळ जो श्वास घेतो, हवेच्या बटणावर बहुतेक वेळा त्याचं बोट नसतं.

हळद काय पळून जाते व्हय?

हे सगळं चहा पिताना एका मैत्रिणीला सांगत होते. ती सांगलीची. ऐकून म्हणाली, "आमच्याकडे हरिपूरला पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात, माहितेय?" मला माहीत नव्हतं. मग काय, शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस आणि सकाळी सांगली!

हरिपूर सांगलीच्या अगदी कुशीत आहे. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. आणि पायाखाली पेवं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळालं, पण तिची ही जुनी तिजोरी फारशी कुणी पाहिलेली नसते. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं मोठं मडकंच. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, पोट ऐसपैस, खोली साधारण वीस-पंचवीस फूट. आत पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड माती घालून बंद करायचं. आतली कीड आणि बुरशी उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकते आणि मग तिलाच जगता येत नाही. वीज नाही, औषध नाही, तरी हळद वर्षानुवर्षं टिकते. सॉलिड ना?

पण ज्या हवेत किडा जगत नाही त्या हवेत माणूसही जगत नाही. आपल्या नेहमीच्या हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांखाली गेला की जगभरात धोक्याची घंटा वाजवतात. अजून बराच खाली गेला तर गुदमरल्यासारखंही वाटत नाही, दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. हळदीच्या धंद्यात हयात गेलेल्या एका काकांना मी विचारलं, मग हळद काढायची कशी?

"झाकण काढलं म्हणून लगेच उतरायचं नसतंय," ते म्हणाले. "आधी पेवाला श्वास घेऊ द्यायचा. काही तास उघडं ठेवायचं. मग कंदील सोडायचा."

"आणि विझला तर?"

"तर नाही उतरायचं. हळद काय पळून जाते व्हय?"

ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, हे आपण नंतर पुस्तकात वाचतो. इथे ते आधीच माहीत होतं. आणि कंदिलाएवढीच महत्त्वाची होती ती घाई न करण्याची रीत, सोबत कमरेला दोर आणि वर थांबलेली माणसं. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि बरीचशी पेवं गेली. आता हळद गोडाउनमध्ये आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जाते. काकांची रीत मात्र मी परत येताना बरोबर घेऊन आले, कारण तिची गरज मुंबईत जास्त आहे.

जिथे कंदील चालत नाही

मेट्रोच्या ज्या रस्त्याखालून आपण एसीत बसून जातो, त्याच रस्त्यावर मॅनहोलची गोल झाकणं असतात. तिथली हवा पेवापेक्षा कपटी. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये ऑक्सिजन कमी असतोच, वर हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तुम्ही म्हणाल, वास येतो मग बरंच की! पण नाही. साधारण १०० पीपीएमच्या पुढे हा वायू वास घेणारी नसच बधिर करतो. वास थांबतो, माणसाला वाटतं हवा सुधारली आणि तो अजून एक पायरी उतरतो. इथे कंदीलही उपयोगाचा नाही. ऑक्सिजन पुरेसा असेल तर विषारी हवेतही ज्योत आरामात जळत राहते आणि खाली मिथेन साठला असेल तर त्याच ज्योतीने स्फोट होतो. नाकाला बांधलेला रुमाल, कापडी मास्क, एन-९५, सगळं इथे शून्य. ते धूळ अडवतात, वायू नाही आणि ऑक्सिजन तर बनवतच नाहीत.

९ एप्रिल २०२४ ला नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. विहिरीत शेण-कचरा साठवलेला होता. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा... पाच जण गेले. वाचला तो एक जण. त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. ९ मार्च २०२५ ला मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जमिनीखालची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. लक्षात घ्या, ती गटाराची टाकी नव्हती, पाण्याची होती. बंद राहिलेल्या टाकीत गंज आणि कुजणारा गाळसुद्धा ऑक्सिजन खातो.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८६ सालीच सांगून ठेवलंय की, अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं ही आधीच्याला वाचवायला उतरलेली असतात. म्हणजे मारतो तो वायू, पण पुढचे बळी जातात ते आपल्या चांगुलपणामुळे.

कायदा नाही असं नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सुरक्षा-साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेशही दिला. तरीही सरकारने संसदेत दिलेला आकडा असा आहे की, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना देशभरात ३७७ माणसं मेली.

एकाच शहरात, एकाच रस्त्याखाली एका माणसासाठी अख्खी कंट्रोल रूम हवेचा हिशेब ठेवते आणि दुसऱ्यासाठी साधा पंखा सोडत नाहीत. पंख्याचं तंत्र दोघांसाठी सारखंच आहे, बिल कोण भरणार एवढाच फरक.

रविवारी सकाळी दहा वाजता

आता तुम्ही म्हणाल, यात मी काय करणार? मी काही म्युनिसिपालिटी नाही. बरोबर. पण तुमच्या सोसायटीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे की नाही? ती साफ करायला कुणीतरी उतरतं की नाही? त्या दिवशी ते बिल भरणारे तुम्हीच असता.

तेव्हा नोटीस बोर्डावर 'टाकी सफाई, पाणी बंद' एवढंच वाचून बादल्या भरायला पळू नका. काही प्रश्न विचारा. टाकीची सगळी झाकणं आदल्या वेळेत उघडणार का? ब्लोअर लावून आत ताजी हवा सोडणार का, आणि माणूस आत असेपर्यंत तो चालू ठेवणार का? उतरायच्या आधी ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू मोजणारा गॅस डिटेक्टर आणणार का? उतरणाऱ्याच्या अंगाला हार्नेस आणि दोर असणार का, आणि तो ओढायला वर माणसं? डिझेलचा पंप टाकीत किंवा तोंडाशी तर चालवणार नाहीत ना, कारण त्याचा सगळा धूर आत जातो? यातल्या एकाचं जरी उत्तर 'आजवर कधी काही झालं नाही' असं आलं, तर काम थांबवा. सेप्टिक टँक असेल तर मशीनच मागवा, माणूस नको. आणि आत कुणी कोसळलं तर मागोमाग उतरू नका. वरून दोर ओढा, ब्लोअर चालू ठेवा आणि ११२ किंवा १०१ फिरवा.

हरिपूरहून आल्यावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे सगळं टाकलं. आधी दोन अंगठे आले, मग खर्चाचा विषय निघाला, मग नेहमीप्रमाणे कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. शेवटी सेक्रेटरी काकांचा फोन आला. "अगं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो डिटेक्टर आणि ब्लोअरचे पैसे वेगळे पडतील. फ्लॅटमागे थोडे थोडे वाढतील. चालेल ना?"

या रविवारी सकाळी दहाला टाकी उघडणार आहेत. ब्लोअर लावणार, मीटर सोडणार आणि आकडा नीट आला तरच माणूस उतरणार. काकांनी विचारलं, किती वाजेल? मी म्हटलं, वाजू दे कितीही. टाकी काय पळून जाते व्हय?